खाऊशिवाय आलेलं पत्र

माजुरो,
१४ जानेवारी १९८५

मोठी आई, याक्वे.

खोबऱ्याचं जहाज परवा आपल्या बेटाकडे सुटतंय असं बंदरावर कळलं, म्हणून शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले. आधी बातमी लिहावी की आधी तुझी तब्येत विचारावी, या विचारात एक कागद वाया गेला. थोरांची तब्येत आधी, असं तू शिकवलं होतंस. तर तुझ्या गळ्याच्या गोळ्या संपल्या नाहीत ना? संपल्या असतील तर जहाजावर सांगून ठेव, मी इथून पाठवते. उगाच अंगावर काढू नकोस.

आता बातमी. मला दिवस गेलेत. जूनच्या शेवटी किंवा जुलैत. बिलिएत इतका खूश आहे की शेजाऱ्यांनाही त्यानंच सांगितलं, मला सांगायला कोणी उरलंच नाही. सासूबाई त्यांच्या एबॉन बेटावरून आल्या आहेत. दारात बसू नकोस, दोरी ओलांडू नकोस, असं दिवसभर चालू असतं. मी सगळं पाळते. कशानं काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलं की पाळलेलं बरं.

रात्री डोळे मिटले की मी रॉन्गेलापला असते. घरापुढच्या पांढऱ्या खडीवर तू चटई विणत बसलेली, आणि मी स्तोत्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचतेय. शाळा माझ्या आयुष्यात नंतर आली, मला अक्षर लावलं ते तू. मी चुकले की तू काही बोलायची नाहीस, नुसते हात थांबवायचीस. मग मी मागे जाऊन पुन्हा वाचायची. आता वर्गात पोरं चुकली की मीही गप्प बसते, आणि ती बावचळतात. माझ्या हातात विणायला केवड्याची पानं नसतात ना, हात थांबले हे त्यांना कळणार कसं?

तुझ्या गळ्यावरची आडवी रेघ मला आठवते. लहानपणी वाटायचं, मोठ्या बायकांना ती असतेच, मीही मोठी झाले की मलाही येईल. माजुरोला पहिल्यांदा चर्चमध्ये बायकांचे कोरे गळे पाहिले, तेव्हा मला त्यांचीच दया आली होती. हे मी बिलिएतला सांगितलं तर तो हसला नाही.

माझं ठरलं आहे. एप्रिलच्या शेवटच्या जहाजानं मी येते. इथल्या दवाखान्यात नको, बाळ तुझ्या हातून होऊ दे. मुलगी झाली तर नाळ आपल्या जागेत, माझी जिथं पुरली तिथंच केवड्याच्या रोपाखाली. म्हणजे तिच्या हातात विणकाम येईल. मुलगा झाला तर ती तू नावेतून जाऊन समुद्रात सोड, म्हणजे तो चांगला मासेमार होईल. मी उत्तराची वाट बघते. लवकर लिही, नाहीतर मी काहीबाही मनात आणत बसेन, तुला माहीत आहे.

तुझी,
हर्टिना


रॉन्गेलाप,
२ मार्च १९८५

पोरी,

तुझं पत्र मी चर्चच्या पायरीवर वाचलं. इतक्या मोठ्यानं हसले की पाद्रीबाबा बाहेर येऊन बघून गेले. तब्येत चांगली आहे. गोळ्या आहेत. तू माझ्या गोळ्यांची काळजी करायची म्हणजे कोंबडीच्या पिल्लानं कोंबडीला दाणे भरवायचे.

सासूबाई म्हणतात ते पाळ. एबॉनची माणसं बोलायला जड, पण मनानं चांगली. तिकडे पाऊस भरपूर, नीरफणस भरपूर, म्हणून जीभही भरपूर चालते. त्यांना माझा याक्वे सांग.

इकडे यायचं म्हणतेस, ते मला अवघड दिसतंय. वाऱ्यानं घराचं छप्पर एका बाजूनं उचकटलं आहे. पुरुष करू म्हणतात, पण त्यांचं करू म्हणजे तुला माहीतच आहे. शिवाय एप्रिलमध्ये समुद्र खवळलेला असतो, आणि तुझा नवरा दक्षिणेकडचा, नावेत बसला की रंग पालटतो. पोटुशीला घेऊन तो येणार कसा? तिथं दवाखाना आहे, विजेचा दिवा आहे. बाळ उजेडात झालेलं बरं. माझी नजरही आता पूर्वीसारखी राहिली नाही.

सोबत चटई पाठवते आहे. कडेची नक्षी नीट बघ, तुझ्या आजीची आहे. बाळाला तिच्यावरच निजव.

तुझी,
मोठी आई


माजुरो,
२१ मार्च १९८५

मोठी आई, याक्वे.

चटई मिळाली. फार सुरेख आहे. सासूबाईंनी कडेवरून हात फिरवला आणि त्या पहिल्यांदाच गप्प राहिल्या.

पण मला एक विचारायचं आहे. हे पत्र मी तीनदा फाडलं, कारण विचारणं उद्धटपणाचं वाटत होतं. जहाज लागलं तेव्हा बंदरावर आपली सगळी माणसं जमली होती. प्रत्येकाच्या नावाची टोपली उतरत होती. कुणाला सुकी मासळी, कुणाला आंबवलेला नीरफणस, कुणाला पानात गुंडाळून दोरीनं बांधलेली केवड्याच्या फळाची पोळी. मी शेवटपर्यंत थांबले. माझ्या नावाची फक्त चटई निघाली.

बेटावरून पत्र यावं आणि त्यासोबत खाऊ येऊ नये, असं आपल्यात कधी झालंय का? मागे चक्रीवादळात सगळं गेलं होतं, तेव्हाही तू मूठभर वाळलेलं खोबरं पाठवलं होतंस. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. खाऊ न पाठवणं म्हणजे नातं पातळ झालं, असं त्यांच्याकडेही मानतात.

तेव्हापासून मी माझ्या चुका शोधते आहे. लग्नाच्या वेळी मामांना विचारायला माणूस पाठवला नाही, हे तुला लागलं का? आपल्यात जमीन आईकडून मुलीकडे येते. एबॉनच्या माणसाचं मूल उद्या आपल्या जागेवर हक्क सांगेल, असं कुणी तुला म्हटलं का? की मी चार वर्षांत एकदाच आले, म्हणून? यातलं काहीही असेल तर सरळ लिही. छपराचं आणि समुद्राचं कारण मला पटलेलं नाही. आपलं छप्पर कधी धड होतं? आणि माझा जन्म कंदिलाच्या उजेडात झाला, हे तूच दहा वेळा सांगितलंस.

आणखी एक. बंदरावर आपल्याकडची एक म्हातारी भेटली. मी तुझ्याकडे बाळंतपणाला येणार म्हटल्यावर ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. म्हणाली, 'नेइमातकडे? तिनं किती सोसलं, तिला पुन्हा ते दाखवू नकोस.' पुढे विचारलं तर निघून गेली.

आपल्या घरामागे ती छोटी थडगी आहेत ना, दर शनिवारी मी समुद्रावरून स्वच्छ खडी आणून त्यांच्यावर पसरायची. ती जुन्या माणसांची आहेत असं मी समजत होते. आता वाटतं, जुनी माणसं इतकी लहान कशी असतील?

जहाजात जागा सांगून ठेवली आहे. तू नको म्हणालीस तरी मी येईन. पण नको का, ते आधी कळलं तर बरं.

तुझी,
हर्टिना


रॉन्गेलाप,
१३ एप्रिल १९८५

हर्टिना,

जहाज समोर उभं आहे. उद्या परत निघेल, तेव्हा हे पत्र त्याच्याबरोबर यायलाच हवं. तू जागा सांगून ठेवलेल्या त्या जहाजात बसू नकोस. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

माझा तुझ्यावर राग नाही. मामांचंही काही नाही, त्यांनी तुझ्या नवऱ्याला आपल्या गलबताचा माल बंदरावर मोजायचं काम द्यायचं चालवलं आहे. खाऊ तयार होता. केवड्याची पोळी मी स्वतः उन्हात वाळवली, गुंडाळली, दोरी बांधली, टोपलीत ठेवली. मग तू आणि तुझं पोट डोळ्यांसमोर आलं आणि मी ती बाहेर काढली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. शेवटी शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. चोपन्न साली अमेरिकेनं बिकिनी बेटावर तो बॉम्ब फोडला तेव्हा मी आताच्या तुझ्यापेक्षा लहान होते. पहाटे पश्चिमेकडे उजाडलं. मग आवाज आला, घर हललं. दुपारी आभाळातून पांढरी पूड पडू लागली. मिशनच्या बाईंनी बर्फाचं चित्र दाखवलं होतं, आम्हाला वाटलं तेच. पोरांनी अंगाला चोळली, चाटून पाहिली. टाक्यातलं पाणी पिवळं झालं, कडू लागलं, तरी प्यायलो. दुसरं कुठलं होतं? संध्याकाळी अंग खाजायला लागलं, डोळे जळायला लागले, सगळं बेट ओकत होतं. दोन दिवसांनी अमेरिकन आरमाराच्या बोटी आल्या आणि आम्हाला नेसत्या कपड्यांनिशी त्यांच्या क्वाजालिनच्या तळावर घेऊन गेल्या. तिथं मानेवर, पायांवर भाजल्यासारख्या जखमा उठल्या. एका सकाळी मी केस विंचरत होते, ते फणीबरोबर गठ्ठ्यानं आले. माझी मैत्रीण मला हसली, दुसऱ्या दिवशी ती टकली झाली, मग मी तिला हसले. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं.

तीन वर्षांनी परत आणलं. बेट आता चांगलं आहे म्हणाले, फक्त माडावरचे खेकडे खाऊ नका. खेकडा ज्या मातीत राहतो त्याच मातीत माड आहे, केवडा आहे. मग खेकडा तेवढा वाईट कसा, हे कुणी विचारलं नाही. घरी जायला मिळत होतं ना. विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते तर?

मग माझी बाळंतपणं. त्यातलं एक मी सांगते, बाकीची तू समजून घे. ते जन्मलं तेव्हा श्वास घेत होतं. हाडं जणू नव्हतीच, कातडीतून आतलं हृदय हलताना दिसत होतं. दिवसभर होतं. मी त्याला निजवून गायले, कारण दुसरं काय करणार. मग गेलं. तुझ्या मोठ्या बाबांनी पहाटे पुरलं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. लोक म्हणायचे, बाईनं काही पाप केलं असेल. म्हणून प्रत्येक बाई आपलं आपल्यापाशी ठेवायची. पुढे मी सुईण झाले, घरोघरी गेले, तेव्हा कळलं की पापाचा वाटा सगळ्यांच्याच घरी सारखा आला आहे.

दरवर्षी अमेरिकन डॉक्टर यायचे. रक्त घ्यायचे, वजन करायचे, यंत्रासमोर बसवायचे. मी एकदा धीर करून बाळांबद्दल विचारलं. ते म्हणाले, असं जगात कुठंही होतं. मग माझ्या गळ्यात गाठ आली, ती त्यांनीच कापली. बॉम्बच्या दिवशी जी लहान पोरं होती त्यातली काही वाढलीच नाहीत, तुला आठवतात ना, मोठी होऊनही बुटकी राहिलेली? त्यांच्याही गळ्यांवर रेघा आहेत. तू ज्याला बायकांची रेघ म्हणायचीस ती ही.

तुझी आई माझी धाकटी बहीण. बॉम्बच्या दिवशी ती माजुरोला होती, म्हणून वाचली. तू झालीस तेव्हा तिनं तुला धुतलं, बोटं मोजली, आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, 'ताई, ही तुझी.' त्या दिवसापासून मी तुझी आई. तुला भरवला तो प्रत्येक घास याच मातीतला होता. मी प्रेमानं भरवला, आणि तोच घास आता मला तुझ्या टोपलीत ठेवता येत नाही.

म्हणून येऊ नकोस.

इथं सध्या बैठका चालू आहेत. पुढारी म्हणतात बेट सोडायचं. आपल्या कुळातली मोठी बाई मी, त्यामुळे जमिनीचं हो-नाही माझ्याकडे येतं. मी नाही म्हणते आहे. माझी माणसं इथं पुरलेली आहेत. मी म्हातारी, माझं आता काय व्हायचं राहिलंय?

मोठी आई


माजुरो,
३ मे १९८५

मोठी आई, याक्वे.

मी जहाजात बसले नाही. जागा दुसऱ्या बाईला दिली.

पत्र वाचल्यावर दोन दिवस मी शाळेत गेले नाही. सासूबाईंनी जेवण आणून ठेवलं, त्या शेजारी बसून राहिल्या. तुझ्यावर रागवावं की तुझ्यासाठी रडावं, हे मला ठरवता आलं नाही. दोन्ही एकदम होत होतं, आणि दोन्ही अर्धंच.

मग दवाखान्यात गेले. तिथं फिलिपिनो डॉक्टरबाई आहेत, शांत स्वभावाच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, अन्नातून बॉम्बचं जे विष अंगात जातं त्यातलं बरंचसं, ते अन्न बंद झालं की काही महिन्यांत बाहेर पडतं. तू चार वर्षं इथलं खातेस, हे चांगलं. पण काही हाडांत बसतं, ते तिथंच राहतं. बाळाला धोका किती, असं मी विचारलं. कमी, म्हणाल्या. अजिबात नाही असं म्हणाल का, विचारलं. त्यांनी माझा हात धरला आणि तसं म्हटलं नाही.

आता मी रात्री पोटावर हात ठेवून पडते, आणि बाळ हललं की मनात म्हणते, हाडं आहेत, हे हाडाचंच ढोपर आहे. बिलिएत म्हणतो, 'तू त्याला झोपू देशील का?' मग मी हात काढते, आणि तो झोपला की पुन्हा ठेवते.

तुला एक विचारते. थोरांना असं विचारू नये हे मला कळतं. तू म्हणतेस ती माती माझ्या बाळाला चालणार नाही. मग शेजारच्या पोरांना कशी चालते? माझ्या वाटची पोळी तू त्यांना दिलीस. त्या पोरांच्या आयाही कुणाच्या तरी हर्टिनाच आहेत.

हे लिहिलं आणि लगेच भीती वाटली, की माझ्यामुळे तू बेट सोडशील, मग रोज मनात म्हणशील की या पोरीनं सोडायला लावलं. तसं नको. मला तू तिथं खडीवर बसलेलीच आठवायची आहेस. पण नुसतं आठवण्यासाठी तुला तिथं ठेवणंही मला बरोबर वाटत नाही. मला यातलं काय हवं आहे, मलाच कळत नाही. तू ठरव. मी विचारलं एवढंच.

तुझी,
हर्टिना


मेजातो,
५ जून १९८५

पोरी,

पत्ता बघून कळलं असेल. आम्ही आलो. क्वाजालिनच्या टोकाचं हे बेट, दुसऱ्यांचं, त्यांनी राहू दिलं म्हणून राहतोय.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात शेवटची बैठक होती. मी उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही पुन्हा नाही म्हणणार. मी म्हटलं, "ज्या बेटावर मला माझ्या लेकीला बाळंतपणाला बोलावता येत नाही, ते मी राखतेय कुणासाठी?" मागून एक म्हातारे म्हणाले, "नेइमात, इतकी वर्षं नाही म्हणालीस, आम्ही तुझ्यामुळे थांबलो." मी म्हटलं, "आता माझ्यामुळेच उठा." मग कुणीतरी हसलं. मग बायका एकेक करून बोलायला लागल्या, त्यांच्या त्यांच्या बाळांबद्दल, पहिल्यांदाच, पुरुषांसमोर. पुरुष खाली बघत बसले. त्यांच्याही मनात ते नव्हतं असं नाही.

परक्या लोकांचं एक जहाज न्यायला आलं. आम्ही घरं मोडून फळ्या आणि पत्रे बरोबर घेतले. आपला दरवाजाही घेतला, तुझ्या उंचीच्या खुणा आहेत तो. कोंबड्या पकडताना जेवढी धावपळ झाली तेवढी माणसं चढवताना झाली नाही. आदल्या दिवशी मी घरामागे त्या छोट्या थडग्यांवर नवी खडी पसरली. त्यांना नेता येत नाही. त्यांना सांगितलं की तुमच्या बहिणीला आता मूल होणार आहे, मी तिकडे जाते. एवढंच बोलले.

इथं आल्यापासून काही धड नाही. नीरफणसाचं झाड नाही, मासे वेगळ्या वेळी येतात, वारा थांबत नाही. सकाळी उठले की मी चुकीच्या बाजूला बघते, आपल्याकडे बेटांच्या कड्याच्या आतलं शांत पाणी डाव्या हाताला होतं. तांदळाच्या पोत्यावर आणि डब्यातल्या मासळीवर चाललंय. म्हातारी माणसं संध्याकाळी किनाऱ्यावर बसून 'आपल्याकडच्या' खेकड्यांबद्दल बोलतात, जे खायचे नव्हते आणि सगळे खात होते.

पण एक झालं. परवा शेजारचा पोरगा शहाळं घेऊन आला आणि म्हणाला, 'नेइमात आजी, पिऊ?' मी विणत होते, वर न बघता म्हटलं, पी. मग माझे हात थांबले. त्याला वाटलं तो काही चुकला. इतक्या वर्षांत विचार न करता पी म्हणायची माझी ती पहिली वेळ होती.

तुझ्यामुळे सोडलं का, असं विचारतेस. हो, तुझ्यामुळे. ते मनाला लावून घेऊ नकोस. कुणामुळे तरी सोडायचंच होतं, आणि तुझ्यापेक्षा बरं कारण मला मिळालं नसतं.

पोट कसं आहे ते लिही. मला बंदरापर्यंत जायला नाव मिळाली तर मी येईन, पण मिळेल असं दिसत नाही.

मोठी आई


माजुरो,
१९ जुलै १९८५

मोठी आई, याक्वे.

मुलगी झाली. चार तारखेला, दुपारी, भर उजेडात. डॉक्टरबाईंनी तिला वर उचललं तेव्हा मी तिचं रडणं ऐकायच्या आधी विचारलं, हाडं आहेत ना? त्यांना काय ते कळलं. त्यांनी तिचे पाय धरून माझ्या हाताला लावले. तिनं लाथ मारली. सासूबाई म्हणाल्या, 'बघ, एबॉनची लाथ.' मी म्हटलं नाही, ही रॉन्गेलापची आहे. मग आम्ही दोघी हसलो, आणि मला हसताना टाके दुखले.

डॉक्टरबाई म्हणतात ती ठीक दिसते. मी 'दिसते' या शब्दाशी भांडत बसले नाही. दरवर्षी आणून दाखव म्हणाल्या, गळा बघू, रक्त बघू. आणीन. मी त्यांना विचारलं, माझं दूध तिला चालेल ना? चालेल म्हणाल्या. ते मी पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशीही. कंटाळल्या नाहीत.

नाळेचं तुला सांगायचं आहे. आपल्या जागेत ती आता जाणार नाही, हे मला माहीत होतं, तरी मी ती जपून ठेवली होती. मेजातोची जमीन परक्यांची, तिथं आपण कुठल्या तोंडानं पुरणार? शेवटी सासूबाईंनी विचारलं, मी घेऊन जाऊ का? त्यांच्या घरामागे केवड्याचं रोप आहे, चांगलं वाढलेलं. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर चर्चच्या मागे जाऊन पोटभर रडले. जमीन आईकडून येते, तशी आपली जागा हिची आहे, मी गेल्यावरही हिचीच. आणि हिचं मूळ मात्र एबॉनच्या मातीत. हिला हे कधी सांगायचं, ते मला अजून ठरवता आलं नाही.

तुला इकडे यायला नाव नाही, हे बिलिएतनं ऐकलं आणि तो मामांकडे गेला. ऑगस्टमध्ये त्यांचं गलबत क्वाजालिनला निघतंय. आम्ही तिघं येतो. छप्पर नसलं तर नसू दे.

मला अजून भीती वाटते. रात्री मी उठून तिच्या नाकापाशी बोट धरते, आणि बिलिएत म्हणतो हे आता काही वर्षं चालणार. चालू दे. मला कुणी खात्री दिली नाही, मीही हिला देऊ शकत नाही. ही दूध पिते, झोपते, उठून पुन्हा पिते. तुला हिच्याकडे बघायचं आहे, आणि हिला मेजातोला आणायला आता कुणाचीही हरकत नाही, तुझीही नाही. येतोच.

तुझी,
हर्टिना